पियानोचं झाकण

गेल्या रविवारी आमच्या पांढरकवड्याच्या घरी पियानोला पॉलिश करायला कादरभाई आले. आई ज्या शाळेत संगीत शिकवायची, तिथं नवे कीबोर्ड आले तेव्हा हा जुना पियानो शाळेनं तिलाच देऊन टाकला होता.

सहा वर्षांपूर्वी आई ऑपरेशनसाठी नागपूरला होती. तिला सरप्राइज म्हणून मी दारांचा उरलेला चॉकलेटी ऑइल पेंट पियानोला फासला... चांगले दोन हात! घरी आल्यावर आई म्हणाली, "मस्त केलं रे." पण त्यानंतर तिनं पियानो वाजवलाच नाही. बोटं चालत नाहीत म्हणायची, आणि मला ते पटलंही.

आता रंगाचे पोपडे निघायला लागले होते. वाजत नाही तर नाही, निदान हॉलमध्ये बरा दिसावा, एवढाच माझा हेतू.

कादरभाईंनी आधी मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला. खालचं जुनं लाखेचं पॉलिश विरघळलं आणि वरचा रंग सुटून आला. "लाकूड वाचलं, बाई," ते आईला म्हणाले. मग झाकण उघडायला गेले, तर ते उघडेचना. फटीत वाकून पाहिलं आणि भडकलेच.

"हे तं रंगानं चिपकलं! कोन्या दीडशहाण्यानं लावला हा पेंट?"

मी चहाचा ट्रे घेऊन तेव्हाच दारात आलो होतो. आई शांतपणे म्हणाली, "होता एक पेंटर. गाव सोडून गेला."

मला राहवेना. म्हटलं, "कादरभाई, तो पेंटर मीच..." ते पोट धरून हसले. अर्धा तास खपून त्यांनी पातळ पात्यानं झाकण सोडवलं आणि स्पिरिटचा बोळा माझ्या हातात दिला. "घ्या मंग. आता घासा तुमीच."

चार दिवस त्यांच्यासोबत घासत होतो. खांदे भरून आले, पण आतलं लालसर लाकूड वर येताना पाहून फार बरं वाटलं. आईला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"मी दवाखान्यातून आली, तं तू हातभर रंग माखून दारात उभा. एवढा खुश होता... काय सांगू तुले?"

काल ती वाजवायला बसली. सूर उतरलेत, ट्यूनर नागपूरहून बोलवावा लागेल. पण तासभर उठली नाही.

मला वाईट वाटू नये म्हणून माझी आई सहा वर्षं न वाजवता राहिली. तिच्या तोंडावर आभार मानायला गेलो, तर शब्दच फुटेना... म्हणून इथं लिहितोय.