काम अधिक की उणे

शरदराव, गुडघा कसा आहे? मंदाताई, खोकला गेला का?

आज सकाळी बारावीतली नात मुक्ता रडवेली झाली. उद्या चाचणी, आणि वायूने केलेलं काम फिजिक्सचं पुस्तक अधिक धरतं, केमिस्ट्रीचं उणे.

"आबा, हा धडा मी सोडतेच."

"सोडायचा नाही. मी बसतो सोबत."

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"नाही कळत, म्हणूनच बसतो."

मी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटला. पंप तापला. आपण हवेवर काम केलं, तिची आंतरिक ऊर्जा वाढली. हे दोन्ही पुस्तकांना मान्य.

मुक्ता म्हणाली, "नामपूरचे शेतकरी काका म्हणतात कांदा गेला, मार्केटवाले म्हणतात आला. कांदा तोच. फिजिक्स वायूने केलेलं काम मोजतं, केमिस्ट्री वायूवर केलेलं."

आता प्रत्येक गणिताआधी ती लिहिते, काम कोणी कोणावर केलं. जेवायलाही उठत नाही.

तुमच्या मुलांना हे कोणी समजावलं? लवकर कळवा.