निंगचा घोडा

इंडोनेशियातल्या क्लातेनच्या बाजारामागे पाक वागिरान, म्हणजे वागिरानकाका, यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपासच्या प्राथमिक शाळांना ते कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली बसवून देतात. लिनक्स फुकट मिळतं, आणि फुकट वस्तूंबद्दल शाळांना पूर्वीपासून आदर आहे. शाळांतली यंत्रं जाकार्ताच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेली, त्यांच्या डिस्कमध्ये जागा एवढीशी. त्यामुळे बसवताना पडद्यावर पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामांच्या गठ्ठ्यांची, जी लांबलचक यादी येते, तिच्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं हे अंथरूण पाहून ठरवावं लागतं. वागिरान या बाबतीत निर्दय. बुद्धिबळ त्यांनी पहिल्याच वर्षी काढलं. मग शब्दकोश गेला, तारांगण गेलं. एका हेडमास्तरांनी पत्त्यांचा खेळ मागितला, तेव्हा "मुलांसाठी ना, सर?" एवढंच त्यांनी विचारलं. विषय मिटला.

एका पॅकेजला मात्र ते हात लावत नसत. मुलांच्या चित्रकलेच्या प्रोग्रामला जोडलेले जावानीज आवाज. घोड्याच्या चित्रावर टिचकी मारली की एक मुलगी म्हणते, "जारान!" हत्तीवर मारली की "गाजाह!", आणि शेवटी तिला हसू फुटतं. ते हसू कापायचं राहून गेलं होतं. आवाज वागिरानांच्या मुलीचा, निंगचा. कॉलेजात असताना तिने तो दुकानाच्या मागच्या खोलीत, शेजारचा कोंबडा गप्प बसायची वाट बघत बघत भरला होता. पुढच्या पावसाळ्यात ती डेंग्यूने गेली.

मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त ओरडून उत्तर द्यायची. "जारान!" म्हटलं की वर्गभर "जारान!"

मग एन्दांगबाई आल्या. त्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निंगच्या मयतीला हजर होत्या, म्हणून बोलताना त्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

"पाक, वरून हुकूम आलाय. सराव परीक्षेचा प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर हवा."

"बसणार नाही, बाई. जागा नाही."

"चित्रकला राहू दे. पण... ते आवाज?"

वागिरान म्हणाले, "बघतो."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. सुलासी उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचं गेथुक करून त्याच शाळेच्या फाटकावर विकते.

"काढा," ती म्हणाली.

"आणि तू मधल्या सुट्टीत तिथे उभी राहतेस ते?"

"गेथुक विकायला."

"त्या शाळेत तुझं गेथुक कोण घेतं?"

"कोणी नाही. म्हणून तर रोज संध्याकाळी तुम्हाला खावं लागतं." तिने भांडं विसळून पालथं घातलं. "हजाराव्या दिवसाचं जेवण झालं, कबरीवर दगड बसला. सगळ्या गावाने दुवा मागितली, की पोरगी आता सुखाने जाऊ दे. आणि आपण तिला रोज शाळेत बोलावतोय."

"आपल्या यंत्रावर ठेवू की. घरी."

"घरी तिला उत्तर कोण देणार?"

वागिरानांनी ताटली पुढे ओढली. त्यांनी गेथुक खाल्लं.

शाळेत त्यांनी नव्याने सगळं बसवायला घेतलं. यादी आली. एरवी एखाद्या पॅकेजावरची खूण काढली की यंत्र कुरकुर करतं: अमकं यावर अवलंबून आहे, तमकं चालणार नाही, नीट विचार करा. निंगच्या आवाजावरची खूण काढली तेव्हा ते काहीच बोललं नाही. त्यावर काहीच अवलंबून नव्हतं. परीक्षा ऐसपैस बसली.

मधल्या सुट्टीत मुलं आत घुसली. पुढच्या एका मुलीने घोड्यावर टिचकी मारली. घोडा कागदावर उमटला आणि गप्प उभा राहिला. तिने पुन्हा मारली. मग स्पीकरला एक चापट दिली.

"पाक, याचा स्पीकर मेला!"

"तुझाच हात जड," मागून कोणीतरी म्हणालं. "परवा माउस तूच मोडलास."

"गप रे! पाक, दुरुस्त करा ना. ती ताई बोलत नाहीये."

दारात उभ्या एन्दांगबाईंनी तोंड उघडलं. वागिरानांनी हातानेच त्यांना थांबवलं. ते गुडघे टेकून टेबलाखाली शिरले, स्पीकरची वायर काढली, शर्टाला पुसली, परत लावली.

"आता?"

"नाही."

त्यांनी दुसरं टोक काढलं. तेही पुसलं.

"आता?"

"नाही, पाक."

"थांबा जरा," टेबलाखालून आवाज आला.

मुलं थांबली.