तिसऱ्या हाकेची वाट

आमच्या खारात, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या भातजमिनीत, एक शहर येणार होतं. पेणहून धरमतरकडे जाताना त्याचा भलामोठा बोर्ड लागायचा. उंचच उंच इमारती, मधे तळं, तळ्यात बदकं. बदकं बघून माझे वडील खो खो हसायचे. "खारात बदका? एका भरतीत पार पलीकडं जातील!" सगळ्या गावाने जमिनी दिल्या, त्यांनी दिली नाही. आमचा तुकडा त्या शहराच्या मधोमध राहिला.

कमान झाली, डांबरी रस्ता झाला, दिव्यांचे खांब आले. दोन इमारतींचे सांगाडे उभे राहिले आणि काम जे थांबलं ते थांबलंच. पायाच्या खड्ड्यात एक मजूर बुडून मेला, तेव्हापासून ती ओसाडी झपाटलेली ठरली. तो भर दुपारी हाका मारतो म्हणे. आमच्याकडे लहानपणापासूनच शिकवतात, ओसाड जागी तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, कारण भूत दोनदाच हाक मारतं.

पूर्वी बांधाचं काम सगळ्या गावाचं असायचं. बांध फुटला की एकाने आरोळी द्यायची, घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा. जमिनी विकल्यावर बांध कोणाचाच उरला नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला वडील एकटेच जाऊन चिखल थापायचे. आई चिडायची, "एकला मानूस दर्याशी भांडतोय!" आणि त्यांची भाकरी माझ्या हाती पाठवायची.

त्या अमावास्येलाही मी भाकरी घेऊन निघाले. पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. भुताखेतांना हसायचे, पण ते मैत्रिणींसमोर. डांबरी रस्ता संपतो तिथे पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. भरती चढत होती. समोर तिवरांची झाडी माजलेली, त्यामुळे पलीकडचा बांध दिसत नव्हता. तिकडून हाक आली, "बाय!"

मी थबकले. जरा वेळाने पुन्हा, "बाय गो!"

आवाज वडिलांचाच होता. पण भूत काय परक्याच्या आवाजात बोलावणार आहे थोडंच? डबा छातीशी धरून मी तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. ती आली नाही. मग जी पळत सुटले ती थेट घरात. आईला म्हटलं, "बाबा दिसलेच नाय."

शिकलेली म्हणे! आग लागो त्या शिक्षणाला.

ओहोटीला माणसं बघायला गेली. बांध वडिलांच्या पायाखालून ढासळला होता. ते कमरेपर्यंत चिखलात रुतले होते आणि भरतीचं पाणी वरून गेलं होतं. हाका मारल्या तेव्हा छातीपर्यंत आलं असेल. मी गेले असते तर बाहेर काढू शकले असते का, कोण जाणे. निदान आरडाओरडा तरी केला असता.

त्यानंतर तो बांध कोणी घातला नाही. खार पाण्याखाली गेला, बोर्ड गंजून पडला. आता तिथे दोघं हाका मारतात, असं गाव म्हणतं.

लग्न होऊन मी रोह्याला आले. आता आईही माझ्याकडेच असते. कधी गावी निघालो की निडी जाते, गडब जातं, आणि पेण जवळ आलं की तिचं सुरू होतं. "एक हाक मारली असती त सगला गाव धावला असता. मी धावले असते. पन नाय! त्या मानसानं तोंड उघडलं नाय. एका शब्दानं सांगितलं नाय आन् गेला." बोलता बोलता रडायला लागते. इतकी वर्षं ती त्यांच्यावर रागावून आहे, आणि तो सगळा राग माझ्या वाट्याचा आहे. सांगायचं कितीदा ठरवलं, पण जीभ रेटत नाही.

परवा गाडीत तिने मलाच विचारलं, "तू त तिकडंच गेली होतीस. हाक आली असती त तुला आयकू आली असती ना गो?"

"व्हय गो आई," मी म्हटलं, "आयकू आली असती त धावलेच असते."