तात्यांच्या दंडावरचा दोरा

माझे वडील गंगाराम, म्हणजे सगळ्यांचे तात्या, पणदऱ्यात शिवणकाम करतात. चर्चचे पाळक महिन्यातून एकदाच येतात, म्हणून बाकीच्या रविवारी आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात शास्त्र, म्हणजे बायबल, तात्याच वाचतात. त्यातली शौल राजाची गोष्ट त्यांच्या खास आवडीची. ज्यानं देशातले मांत्रिक हाकलून लावले, तोच राजा शत्रूचं सैन्य बघून घाबरला आणि वेष पालटून एन-दोर गावच्या मांत्रिकिणीच्या दारात गेला. "भ्यालेल्या माणसानं देवाला धरावं का भुताला?" असं विचारून तात्या आमच्या तोंडाकडं बघत बसायचे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या फुलाबाईनं नातीच्या तापाला भिऊन तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला होता. तात्यांनी दोघींना भर उपासनेत पुढं बोलावलं. कात्री पिशवीत होतीच. सगळ्यांदेखत त्यांनी दोरा कापला आणि म्हातारी मान खाली घालून उभी राहिली. मला तेव्हा वडिलांचा अभिमान वाटला होता. आज ते लिहायचीही लाज वाटते.

यंदा माझ्या छकुलीला डेंग्यू झाला. सात वर्षांची पोर. बारामतीच्या दवाखान्यात तिच्या प्लेटलेट रोज घसरत होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुण्याला न्यायची तयारी ठेवा म्हटलं, तेव्हा तात्यांनी मला जिन्याखाली गाठलं.

"अजित, गाडी काढ. शेळगावच्या पुढं एक देवऋषी हाय म्हणं."

"तात्या, तुमी?"

"प्रार्थना करून करून घसा बसला माझा. आता काय बी इचारू नको."

मी विचारलं नाही, कारण मलाही जायचंच होतं. तात्यांनी भर उन्हात तोंडाला टॉवेल गुंडाळला, नुसते डोळे उघडे. शौलाचं वेष पालटणं लेकरांना समजावताना ते अगदी असाच टॉवेल गुंडाळून दाखवत. देवऋष्यानं अंगारा लावला आणि दोन दोरे दिले, एक आज्याच्या दंडाला, एक बापाच्या. तात्यांनी आपण होऊन दंड पुढं केला. त्यांच्यामागं मीही केला.

संध्याकाळी फुलाबाई भाकरीचा डबा घेऊन दवाखान्यात आली. तात्या सकाळपासून उपाशी होते, डबा उघडता उघडताच त्यांना घेरी आली. सिस्टर बीपी बघायला आल्या आणि त्यांची बाही वर सारू लागल्या. दोऱ्याचं टोक बाहेर आलं. ते मला दिसलं, फुलाबाईलाही दिसलं. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

फुलाबाईनं पटकन बाही खाली ओढली. "बाई, ह्यो हात दुखतोय त्यांचा. त्या हाताला लावा."

मग तिनं भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. तात्यांना तो घास काही गिळेना.

डॉक्टरांच्या औषधानं छकुली सावरली, पुण्याला न्यावं लागलं नाही. ती घरी आली त्या रविवारी तात्या प्रार्थनाघरात पुढं उभे राहिले, पण शास्त्र उघडलंच नाही. शर्टाची बाही वर केली, पिशवीतून कात्री काढली आणि फुलाबाईसमोर धरली.

"कापा. मी शौलापरीस वाईट निघालो. त्यानं निदान कुणा म्हातारीला भर सभेत उभं केलं न्हवतं."

फुलाबाईनं कात्रीला हातही लावला नाही.

"ठिवा ती तात्या. गाठच हाय, सुटंल."

तिला नीट दिसत नाही, बोटंही थरथरतात. गाठ सुटायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तात्या सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडत होते आणि ती "झालं, झालं" म्हणत होती.

मी मागच्या बाकावर बसलो होतो, फुल बाह्यांचा शर्ट घालून. दुसरा दोरा अजून माझ्या दंडाला होता. पोरीला पुन्हा काही झालं तर, या भीतीनं मी तो काढला नव्हता. गाठ सुटल्यावर फुलाबाईनं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि जरा थांबली.

मी उठलो नाही.