आईची खाच

आमच्या बाबांना गिऱ्हाइकं ‘उद्यामिस्त्री’ म्हणतात. जुन्या गाडीचा गंजलेला नट असो नाहीतर जाम झालेला पिस्टन, बाबा त्यावर तेल सोडतात, हातोडीने हलके ठोके देतात आणि म्हणतात, “उद्या बघू.” गिऱ्हाईक वैतागतं. बाबा ढिम्म. जोर लावला की नट तुटतो आणि तेल मुरलं की तो मुकाट्याने फिरतो, एवढं साधं लोकांना कळत नाही याचंच त्यांना नवल. दुसरी सवय खडूची. कुठलाही भाग सोडवण्याआधी तो कसा बसला होता त्याची खूण केल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीची सीट मात्र जाम होती. गाडी खरं तर आईची. आई बुटकी, सीट बरीच पुढे ओढून बसायची. ती गेल्यावर गाडी शेडमध्ये पडून राहिली आणि सीट जिच्यावर पुढेमागे सरकते ती खालची खाचांची पट्टी गंजली. बाबा उंचेपुरे. गुडघे स्टिअरिंगला घासत, अंग चोरून ते गाडी चालवायचे. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, “निघत नाही गं ती.” गावभरच्या गाड्या सोडवणारा माणूस हे सांगायचा, आणि वर माझी नजर चुकवायचा.

शेवटी गुडघा सुजला, जिना चढवेना. मी हट्टच धरला, “सीट मागे घ्या, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या.” बाबांनी पट्टीत तेल सोडलं. रोज थोडं तेल, रोज थोडे ठोके. इतकं रेंगाळत काम त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नसेल. ती सुटू नये असंच त्यांना वाटत होतं, दुसरं काय.

एका सकाळी सीट सुटली आणि सरकन मागे गेली. मी खूश. बाबा मात्र पट्टीकडे बघत बसले.

“खूण करायची राहिली,” ते म्हणाले.

“कशाची?”

“तुझी आई कुठल्या खाचेवर बसायची?”

ही सीट खरंच हलेल असं त्यांनी मनात धरलंच नव्हतं. पट्टीवरच्या खाचा सगळ्या सारख्याच, तेलाने आणि गंजाने माखलेल्या. “अंदाजाने लावू,” मी म्हटलं. त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी पट्टीवरचा हात मागे घेतला. तेव्हा आई हवी होती, नुसती येऊन बसायला.

“तू बस बघू,” म्हणत बाबा गाडीसमोर जाऊन उभे राहिले, आई परतायची तेव्हा फाटक उघडून उभे राहायचे तसे. मी एकेक खाच सीट पुढे घेत गेले. काचेपलीकडून ते नुसती नकारार्थी मान हलवत होते. मग माझ्या लक्षात आलं, मी आईपेक्षा उंच आहे. मी पाठ वाकवली, खांदे पाडले, हनुवटी स्टिअरिंगच्या जेमतेम वर येईल इतकी खाली झाले आणि सीट आणखी एक खाच पुढे घेतली.

बाबांची मान थांबली.

“मिळाली?” मी विचारलं. ते काचेतून बघतच राहिले. माझी पाठ भरून आली.

“बाबा, उतरू का?”

“अशीच बस जरा,” ते म्हणाले.