खेळणीकाकू आणि एकेचाळीस सुया

काकूंनी आयुष्याची सव्वीस वर्षं बाहुल्यांचे डोळे उपटण्यात घालवली. हे वाक्य त्या नव्या माणसाला मुद्दाम ऐकवत, आणि समोरचा दचकला की मगच पुढचं सांगत. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या नोकरीला होत्या. कापडी अस्वलाच्या डोळ्यात हूक अडकवायचा, हुकाला वजन टांगायचं, दहापर्यंत मोजायचं. डोळा निघाला तर तो एका छोट्या नळकांड्यात टाकून बघायचा. पुरता आत मावला, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतो. अस्वल नापास.

पुढे प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात हलली. काकू हलल्या नाहीत. तेव्हा त्यांची बदली आमच्या कार्यालयात झाली. व्हिडिओ गेम कोणत्या वयापासून खेळावा, हे आम्ही ठरवतो आणि तो आकडा खोक्यावर छापला जातो. तीन, सात, बारा, सोळा, अठरा. पाचच आकडे. मधलं काही मिळत नाही.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं, वर दाताचा दवाखाना. पडद्यावर राक्षस ओरडत असला की वरून ड्रिलचा आवाज यायचा आणि राक्षस जास्तच भयानक वाटायचा. खोलीत तीन परीक्षक: शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वकीलसाहेब आणि काकू. मी तिथली इंजिनिअर. रेकॉर्डिंगची यंत्रं चालू ठेवणं आणि गेममध्ये काय किती वेळा येतं ते मोजणारा प्रोग्राम सांभाळणं, हे माझं काम. गोळी किती, शिवी किती, रक्त किती सेकंद. प्रोग्राम मीच लिहिला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पद्धत अशी की कंपनीने गेमसोबत त्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगांची चित्रफीत पाठवायची. परीक्षकांनी ती बघायची, माझे आकडे बघायचे आणि तक्ता भरायचा. तिघांपैकी दोघांचा आकडा जुळला की तो पक्का. गेम स्वतः खेळण्याची सक्ती कुणावर नव्हती. मास्तरांची बोटं कंट्रोलरवर चालायची नाहीत, वकीलसाहेबांना वेळ नसायचा.

काकू मात्र प्रत्येक गेम खेळत. तोही दोनदा.

"एकदा खोक्यावर लिहिलंय तसा," त्या मला म्हणाल्या. "आणि एकदा पोरं खेळतात तसा."

"म्हणजे कसा?"

"सूचना न वाचता. अगं, आगगाडी दिली म्हणून कुठलं पोर ती रुळावरून चालवतं? आधी चावून बघतं."

मोटारींच्या शर्यतीचा एक गेम आला होता. काकूंनी शर्यत सुरू होताच गाडी उलटी फिरवली आणि सरळ समुद्राकडे नेली. दोन तास त्या पाण्याखाली गाडी चालवत होत्या. तळाशी एक अंगावर कपडा नसलेला पुतळा सापडला. कुणा प्रोग्रामरने सरावासाठी बनवून तिथेच टाकून दिला असणार. कंपनीच्या चित्रफितीत तो नव्हता, माझ्या मोजणीतही नव्हता. त्या दिवशी वकीलसाहेबांनी स्वतः उठून काकूंना चहा आणून दिला. तेव्हापासून त्यांचं नाव खेळणीकाकू पडलं. पाठीमागे आधी, तोंडावर नंतर.

एकदा जिना उतरता उतरता त्यांनी मला विचारलं, "हे अठरा आलं कुठून गं?"

"संशोधन असेल काहीतरी. सरासरी वगैरे."

"तीन कुठून आलं ते मला माहीत आहे. घसा मोजून आलं. घसा मोजता येतो. हे कशाने मोजलं?"

मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अठराव्या वर्षी सही चालते. बस." मास्तरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या वर्गात अकरा वर्षांची दोन मुलं अठराची होती. आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोघे अजून सातचेच होते." काकूंना दोन्ही उत्तरं सांगितली. दुसरं त्यांना आवडलं.

अशात त्या दोन बहिणींचा गेम आला.

थोरली चित्रं काढायची, धाकटी प्रोग्राम लिहायची. कंपनी वगैरे नव्हती, घरातल्या जेवणाच्या टेबलावर तीन वर्षं बसून दोघींनी तो केला होता. इस्पितळातला एक वॉर्ड, सहा खाटा, एक दुपार. खेळणारा परिचारिका होतो. पाणी द्यायचं, उशी नीट करायची, वेळ झाली की दुखण्याची सुई द्यायची. सोबत पत्र होतं: 'ज्यांचे आईवडील इस्पितळात आहेत त्या मुलांसाठी हा केला आहे. इस्पितळातल्या मुलांच्या वाचनालयात तो ठेवायला तिथल्या बाई तयार आहेत, पण बाराच्या वरचा आकडा आला तर तो कुलपाच्या कपाटात जाईल.'

माझ्या प्रोग्रामने गेम चाळला आणि तक्त्यात 'अमली पदार्थ' या रकान्यात आकडा टाकला: सुई, एकेचाळीस वेळा.

वकीलसाहेबांनी अठरा लिहिलं. "एकेचाळीस! मागच्या महिन्यातल्या त्या टोळीयुद्धाच्या गेममध्ये नऊ होत्या."

मास्तरांनीही अठरा लिहिलं.

काकूंनी गेम एक दिवसभर खेळला. संध्याकाळी त्यांचा चेहरा मऊ झाला होता. खाट नंबर तीनच्या म्हातारीने उशी सरळ केल्याबद्दल त्यांना आशीर्वाद दिला होता म्हणे. त्यांनी तक्त्यावर बारा लिहिलं आणि सही ठोकली. दोन विरुद्ध एक. गेमला अठरा मिळाले. बहिणींनी सुनावणी मागितली, आणि काकू त्यांच्या बाजूने बोलणार असं ठरलं.

सुनावणीला दोघी वेळेच्या आधी आल्या. थोरली शांत होती. धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल केलं होतं. काकूंनी सुरुवात झकास केली. सुई दिसली म्हणून घाबरायचं, तर डॉक्टरांच्या दारावरही अठराची पाटी लावा, असं त्या म्हणाल्या तेव्हा मास्तरसुद्धा हसले. मोठ्या पडद्यावर गेम चालू होता, कंट्रोलर काकूंच्या हातात होता. मग त्या बोलता बोलता थांबल्या.

"एक मिनिट. माझं एक राहिलं."

मला लगेच कळलं. त्यांनी दुसऱ्यांदा खेळून बघितलंच नव्हतं. गेम आवडला म्हणून आधी सही केली होती. सव्वीस वर्षांत आणि नंतरही त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"काकू, आत्ता नको," मी हळूच म्हणाले.

त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. पडद्यावर सुईची वेळ झाली. कोणी दिली नाही. खाट नंबर चारवरची बाई कण्हायला लागली. आधी हळू, मग जोरात. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वॉर्डात ऊन सरकत होतं, बाकीचे रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बिघडला का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "तो असाच आहे."

"किती वेळ चालतं हे?" काकू म्हणाल्या.

"सुई देईपर्यंत."

"आणि दिलीच नाही तर?"

"असं कोण करेल? खेळणारा सुई देतोच."

"पोरं देत नाहीत. काय होतं ते बघत बसतात." काकूंचा आवाज खाली आला होता. "कुणी येत का नाही गं? दुसरी परिचारिका, डॉक्टर, झाडूवाली, कुणीतरी?"

"आमच्या आईच्या वेळी नाही आली कुणी परिचारिका." धाकटी एकदम उभी राहिली. "दीड तास. खरं तेच दाखवलंय. खोटं घालू का आता?"

पडद्यावरचं कण्हणं चालूच होतं. थोरलीने बहिणीचा हात धरून तिला खाली बसवलं. मी आवाज बंद करायला उठले, तर काकू म्हणाल्या, "राहू दे." मग त्यांनी आपला तक्ता मागून घेतला, बारावर काट मारली आणि अठरा लिहिलं.

"म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच," मास्तर म्हणाले.

"आकडा तुमचाच, मास्तर. कारण तुमचं नाही."

तक्त्याखाली कारणासाठी दोन ओळींची जागा असते. वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, 'सुई, ४१ वेळा.' काकूंनी लिहिलं, 'मूल हात आवरून बसलं तर कोणी येत नाही.' धाकटी तो कागद न वाचताच निघून गेली. थोरलीने घडी घालून पिशवीत ठेवला.

मला काकूंचा राग आला होता. जिन्यात मी त्यांना गाठलं. "कशाला केलंत? जिंकत होतो आपण! आणि मुलाला सहन झालं नाही तर ते गेम बंद करेल. एक बटण तर दाबायचं."

"तू दाबशील." त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "ज्याची आई आत खाटेवर आहे, ते दाबेल का? त्याला वाटणार, आपण बंद केलं आणि तिला काही झालं तर?"

त्या रात्री नव्हे, पण पुढच्या आठवड्यात मी माझ्या प्रोग्रामच्या मांडणीकडे पुन्हा बघितलं. जे घडतं ते तो मोजत होता. काही घडतच नाही, हे त्याला कसं दाखवायचं, यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. अजून जमलेलं नाही.

चार महिन्यांनी गेम पुन्हा आमच्याकडे आला. बदल केला की नव्याने पाठवता येतो. पत्रात एकच ओळ होती: 'खाट नंबर पाच बघा.'

काकूंनी या वेळी क्रम उलटा केला. आधी पोरांसारखा. त्यांनी हात मांडीवर घेतले, मास्तरांना आणि वकीलसाहेबांना शेजारी बसवलं, मी मागे उभी राहिले. वेळ झाली. खाट चारवरची बाई कण्हायला लागली. दोन मिनिटांनी खाट पाचवरचा टकला माणूस कुशीवर वळला, सलाईनचा दांडा ओढत उठला आणि तिच्या पायाशी येऊन बसला. आणि बोलायला लागला. पुतण्याने जुनी स्कूटर घेतली आहे, ती चढावर बंद पडते, मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर, पुतण्या म्हणतो प्लग. बाई कण्हतच होती. दुखणं थांबलं नाही. तो मधेच विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं, प्लग असेल का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू. वीस मिनिटं त्याचं तोंड मिटलं नाही.

"कार्ब्युरेटरच," मास्तर न राहवून म्हणाले.

मग काकूंनी नेहमीसारखाही खेळून घेतला, आणि बारा लिहिलं. मास्तरांनीही बारा लिहिलं. वकीलसाहेब अठरावरून हलले नाहीत. "सुया अजून एकेचाळीसच आहेत," ते म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. दोन विरुद्ध एक. गेम वाचनालयात जाणार होता.

प्रमाणपत्र घ्यायला धाकटी आली. काकूंसमोर सही करताना तिने मान वर केली नाही. काकूंनीच विचारलं, "हा पाच नंबरवाला कुठून आणलास?"

"होता तो. खराच. आईच्या शेजारच्या खाटेवर." तिने पेनला टोपण लावलं. "आईला अगदी नकोसा व्हायचा. सारखी बडबड. म्हणून आम्ही पहिल्यापासून त्याला वगळला होता. ताईने तुमचा कागद वाचून दाखवला, कोणी येत नाही म्हणून. मी म्हटलं, हे बरोबर आहे. मग ताई म्हणाली, अगं, तो यायचा की."

"रोज?"

"रोज. आम्ही दोघी तर शाळेत असायचो."

काकूंनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"आणि काय निघालं शेवटी? प्लग का कार्ब्युरेटर?"

धाकटी पहिल्यांदाच हसली. "काय माहीत! त्याच्या आधी आईला घरी सोडलं."