जिनिंगच्या पट्ट्यावर चाललेलं स्टीअरिंग

"बाई, हे चाक हाय का पिठाची गिरणी?" गाडीतून उतरता उतरता शिवप्पाशेठ म्हणाले. "हात सुन्न व्हायलेत माझे."

गाडी विलायती होती. लाल, उघडी, दोन सीटची, पोट जमिनीला टेकलेलं. शेठची सेलूत कापसाची जिनिंग होती. त्यांनी ही गाडी हैदराबादहून हौसेनं आणली. शर्यतीत पळायची गाडी, पण वालूरपर्यंत जाताना माणूस रडकुंडीला यायचा. स्टीअरिंग अर्ध्या फेऱ्यात जड, अर्ध्या फेऱ्यात हलकं. वर सारखी थरथर. स्टीअरिंगचा दांडा ज्या नायलॉनच्या बांगडीत फिरतो तिला आम्ही बुश म्हणतो. तो मी दोनदा बदलला. दोन्ही वेळा एकाच अंगानं झिजून अंड्यासारखा झाला.

नवरा गेल्यावर गॅरेज मीच चालवत होते. त्याच्या बरोबरीनं काम करतच शिकले. पण लोक माझ्याकडं पंक्चर आणायचे, ग्रीस भरून घ्यायचे, फार तर स्प्रिंगचे पाटे बदलून घ्यायचे. ब्रेक आणि स्टीअरिंग बाईच्या हातात कुणी देत नव्हतं. जागा नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर. दिराला तिथं बियाण्याचं दुकान टाकायचं होतं.

"वैनी, पोळ्यापर्यंत बघतो," तो म्हणाला होता. "नुसत्या पंक्चरवर गॅरेज चालत न्हाई."

खरं होतं, म्हणून झोंबलं. शेठनी कबूल केलं होतं, ही गाडी नीट झाली तर जिनिंगचे सगळे ट्रक माझ्याकडं. म्हणजे माझं गॅरेज त्या एका चाकाला लटकलेलं. त्यांनी गाडी माझ्याकडं आणली ती काही माझं नाव ऐकून नाही. मोठे मिस्त्री औरंगाबादला, पण विद्यापीठाच्या नामांतराचे बंद चालू होते, औरंगाबादच्या रस्त्यावर कुठं टायर जळत असतील सांगता येत नव्हतं. मी जवळ होते, एवढंच.

तिसरा बुश बसवायच्या आधी मी ठरवलं, झिजलेलं बदलणं बंद. का झिजतंय ते बघायचं.

स्टीअरिंगचा दांडा खाली जातो आणि चाकं वळवणाऱ्या स्टीअरिंग बॉक्सला जोडलेला असतो. या गाडीत त्या जोडावर एक लोखंडी प्लेट होती, चार बोल्टनी आवळलेली. गॅसनं कापलेली, कडा ओबडधोबड. कारखान्याचं काम असं नसतं. प्लेट काढली. एका बोल्टच्या डोक्याखाली काळा चिकट तुकडा अडकला होता. बोटांत चोळला तर सुताचे धागे निघाले.

"शेठ, इथं आधी कापड होतं. रबरातलं."

"स्टीअरिंगमधी कापड? येडी झाली का काय बाई?"

मलाही तसंच वाटलं. आधीच्या मिस्त्रीलाही तसंच वाटलं असणार, म्हणून त्यानं लोखंड ठोकलं.

प्लेट निघाल्यावर आणखी एक दिसलं. वरचा दांडा आणि खालचा दांडा एका रेषेत नव्हते. थोडा तिरपेपणा होता. मला वाटलं, गाडी कुठं तरी धडकून चेसिस वाकली. सुतळी ताणून चारी बाजूंनी मापं घेतली. चेसिस सरळ. मग तिरपेपणा आला कुठून? बनवणाऱ्यानंच ठेवला होता. बसणाऱ्याच्या हाताला चाक नीट यावं म्हणून दांडा जरा वळवून आणलेला.

तेवढ्यात बाहेरून एक बैलगाडी गेली. मी माहेरी लहानपणापासून गाडी जुंपलेली. जू दांडीला खिळ्यानं ठोकत नाहीत, नाड्यानं बांधतात. एक बैल खड्ड्यात, एक वर, तरी गाडी चालते, कारण नाडा सोसतो. खिळा मारला तर जू तरी मोडेल नाहीतर बैलाचा खांदा तरी सोलून निघेल. इथं नाडा म्हणजे ते कापड. प्लेट ठोकल्यावर सोसायला कुणी उरलं नाही, म्हणून बुश सोलून निघत होता.

"तुमच्या जिनिंगचा नवा पट्टा द्या मला वीतभर," मी म्हणाले.

मशीन फिरवणारा पट्टा म्हणजे कॅनव्हासचे थर आणि रबर. त्याची गोल चकती कापली. भोकं ड्रिलनं पाडली नाहीत, धागे उसवतात. पाइपच्या तुकड्याला धार लावून ठोकून पाडली.

शेठ बघत उभे होते. "आन् वाटंत फाटलं तर? मी थेट नालीत?"

मी त्यांना जोड दाखवला. वरच्या बोल्टची डोकी खालच्या खाचांत सैल बसतात. कापड असेपर्यंत त्या खाचांना काम नसतं. फाटलं तर त्या पकडतात, चाक ढिलं होतं, पण सुटत नाही. तरी जोड व्हाइसच्या जबड्यात आवळला, लांब पाइप लावला आणि त्यावर मी स्वतः चढून उभी राहिले. पट्टा पिळला, फाटला नाही.

"आता तुमी चढा, शेठ."

"नको, नको. तुमी काय कमी वजनाच्या हाव का?"

वालूरच्या रस्त्याला निघालो. शेठ चालवत होते, मी शेजारी, पदर खोचून.

"बाई, लोक बघायलेत."

"बघू द्या. तुमी रस्ता बघा."

चाक दोन बोटांनी फिरत होतं. थरथर नाही. शेठ गाणं म्हणायला लागले. पुढं शेळ्या आल्या. शेठनी हॉर्न दाबला. आवाज नाही. परत दाबला. नाही. ब्रेक मारून गाडी आडवी उभी केली.

"स्टीअरिंग चालू केलं आन् हॉर्न मारून टाकला की तुमी! ट्रक दिले तर काय काय बंद पाडताल?"

 परत आल्याबरोबर मी जोड पुन्हा उघडला.

विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचंच लोखंड. त्याला अर्थ म्हणतात. हॉर्नचं बटण चाकावर, त्याची परतीची वाट दांड्यातून खाली. मध्ये मी कापड घातलं. वाट तुटली. मग आठवलं, खालच्या एका नटाखाली तांब्याच्या जाळीचा तुटका शेंडा होता. मी तो कचरा म्हणून काढून टाकला होता. मूळची तार तीच. आधीच्यानं लोखंड लावलं, त्याला तिची गरज पडली नाही, त्यानं तोडली.

बॅटरीच्या जुन्या अर्थच्या तारेतून तांब्याच्या जाळीची पट्टी कापली. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टला लावली, ताणून नाही, पोट ठेवून, म्हणजे चाक फिरताना तुटणार नाही.

"दाबा, शेठ."

आवाज असा निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेठनी हात उचललाच नाही. तसेच हॉर्न वाजवत बाजारातून दोन चकरा मारल्या, आणि दिराच्या घरासमोर मुद्दाम थांबून पुन्हा वाजवला.

पोळ्याला दीर आला. शटरची किल्ली मागायला नाही. त्याच्या टेम्पोचं स्टीअरिंग एका बाजूला ओढत होतं.

"वैनी, जरा बघता का?"

"रांगंत लावा, भावजी."

पुढं जिनिंगचे ट्रक उभे होते.

लोखंडाच्या गाडीत कुणी कापड घातलं असेल तर त्याला येड्यात काढायच्या आधी ते कशासाठी घातलं ते शोधावं. आणि काम झालं असं सांगण्याआधी हॉर्न वाजवून बघावा.